नेदरलँड्सचा अभ्यास नेदरलँड्सबाहेर सुरू होतो

१ जुलै २०२३ रोजी डच राजा विलेम-अलेक्झांडर यांनी ॲमस्टरडॅमच्या ओस्टरपार्कमध्ये गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली. १९ डिसेंबर २०२२ ला तत्कालीन पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी सरकारच्या वतीने ती आधीच मागितली होती. तेव्हापासून तिथला वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे: डच माणसाने आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगावा की लाज? एक बाजू म्हणते, सतरावं शतक म्हणजे रेम्ब्रांट, दुर्बिणी, जहाजं, धर्मस्वातंत्र्य. ते आता काळं फासून दाखवू नका. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं रक्ताच्या पैशावर उभं राहिलं, म्हणून आधी पश्चात्ताप. आपल्याकडच्या चर्चेलाही हीच दोन टोकं आहेत. सायकली, धरणबंधारे आणि काटेकोर वेळापत्रक पाहून आलेला माणूस म्हणतो ‘नेदरलँड्सकडून शिका’. त्याला उत्तर देणारा म्हणतो, ‘लुटून मोठे झालेल्यांकडून काय शिकायचं?’

माझ्या मते हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला आहे. डच संस्कृती आणि समाज यांच्याकडे चिकित्सक आणि जागतिक नजरेने पाहणं म्हणजे कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं असं दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं आहे. खरं म्हणजे ती अचूकतेची गरज आहे. ज्या समाजाचा पैसा, कायदे, माणसं आणि कसदार जमीन साडेतीनशे वर्षं त्याच्या आजच्या नकाशाबाहेर होती, त्याचं वर्णन नकाशाच्या आत बसून केलं तर ते अपुरं राहतं आणि पुष्कळदा सपशेल चुकतं.

ॲमस्टरडॅमच्या फायझेलस्ट्राट या रस्त्यावर ‘दे बाझेल’ नावाची १९२६ साली पूर्ण झालेली एक प्रचंड दगडी इमारत आहे. आज तिथे शहराचा दप्तरखाना आहे. तिच्या दर्शनी भागावर कून, डान्डल्स आणि फान हॉइत्स या ईस्ट इंडीजमधल्या (आजच्या इंडोनेशियातल्या) तीन डच सत्ताधाऱ्यांचे पुतळे आहेत. ही इमारत बांधली नेदरलँड्स ट्रेडिंग सोसायटीने. राजा विलेम पहिला याने १८२४ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी, आणि आजच्या एबीएन ॲम्रो बँकेचं मूळ तिच्यात आहे. १८३० पासून जावामध्ये सक्तीच्या लागवडीची पद्धत सुरू झाली. कागदावर नियम असा होता, की गावाने पाचवा हिस्सा जमिनीवर सरकार सांगेल ते पीक घ्यावं: कॉफी, ऊस, नीळ. प्रत्यक्षात जमीन जास्त गेली, भाताच्या पेरणीच्या दिवसांत माणसं उसाच्या मळ्यांवर राबली, आणि १८४० च्या दशकात चिरेबोन, देमाक, ग्रोबोगान या भागांत दुष्काळाने माणसं मेली. तो माल युरोपात नेऊन विकण्याचं काम याच सोसायटीकडे होतं. १८३१ ते १८७७ या काळात जावातून डच तिजोरीत ८० कोटी गिल्डरहून अधिक शिल्लक जमा झाली. १८५० च्या दशकात सरकारी उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हाच होता. त्यातून जुनी कर्जं फिटली आणि रेल्वे झाली.

आता १ जुलै १८६३ हा दिवस घ्या. सुरीनाम ही दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत आणि डच कॅरिबियन बेटं इथली गुलामगिरी त्या दिवशी संपली, असं पाठ्यपुस्तकात असतं. कायद्याने भरपाई मिळाली ती मालकांना: सुरीनाममध्ये माणशी ३०० गिल्डर, एकूण जवळजवळ एक कोटी. ज्यांना गुलाम केलं होतं त्यांना काहीच मिळालं नाही. उलट सुरीनाममध्ये आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर करार करून राबणं सक्तीचं होतं. भरपाईचा पैसा आला जावाच्या शिल्लकीतून. म्हणजे आफ्रिकी वंशाच्या माणसाच्या सुटकेची किंमत जावाच्या शेतकऱ्याने भरली आणि ती मळेमालकाच्या खिशात गेली. देखरेखीची दहा वर्षं संपत आली तेव्हा, ५ जून १८७३ ला, कलकत्त्याहून निघालेलं ‘लल्ला रूख’ हे जहाज ३९९ गिरमिटिया मजुरांना घेऊन सुरीनामला पोचलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार भारतीय तिथे गेले, बहुतेक भोजपुरी-अवधी पट्ट्यातले. १८९० पासून खुद्द जावाचे मजूरही तिकडे जाऊ लागले. मारियनबुर्ख हा साखरेचा मळा १८८२ पासून याच ट्रेडिंग सोसायटीच्या मालकीचा होता. मजुरीच्या दरावरून तिथे संप झाला, मजुरांनी व्यवस्थापकाला ठार केलं, आणि दुसऱ्या दिवशी, ३० जुलै १९०२ ला, सैनिकांनी मजुरांवर गोळ्या झाडल्या. २४ भारतीय मजूर मेले. त्यांना एका सामुदायिक खड्ड्यात चुना टाकून पुरलं. तो खड्डा पुढे सापडला नाही.

डच अर्थव्यवस्थेचा इतिहास, आफ्रिकेचा, इंडोनेशियाचा, भारतीय स्थलांतराचा असे चार विषय विद्यापीठांत चार खोल्यांत शिकवले जातात. कोणत्याही एका खोलीत बसून ही साखळी दिसते का? दिसत नाही. चारही दारं उघडल्यावर दिसते. जागतिक दृष्टी म्हणतात ती एवढीच, पण तिच्यावाचून १८६३ चा कायदासुद्धा समजत नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप आर्थिक आहे. डच भरभराट मसाले आणि गुलाम यांच्यावर उभी राहिली हे विधान ढोबळ आहे, आणि हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. बाल्टिक समुद्रातून येणारं धान्य आणि लाकूड हा व्यापार इतका पायाभूत होता की डच लोक त्यालाच सगळ्या व्यापाराची आई म्हणत. हेरिंग मासळी, पीट नावाचं जळण, पवनचक्क्यांवर चालणारे लाकूडकापणीचे कारखाने, कमी खलाशांत जास्त माल वाहणारं ‘फ्लाउट’ जहाज, गहाण आणि हुंडीचा विश्वासार्ह व्यवहार, हे सगळं डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होण्याआधी, म्हणजे १६०२ पूर्वीच रुळलेलं होतं. तेराव्या शतकापासून चालत आलेल्या पाणी-मंडळांनी, शेजाऱ्याशी धर्मावरून भांडण असलं तरी बांधाच्या डागडुजीचा खर्च वाटून घ्यायची सवय लावली, तीही वसाहतींची देणगी नव्हे. चिकित्सक म्हणवणारा जो अभ्यास हे सांगत नाही तो वाईट अभ्यास आहे.

पण ‘सगळं नाही’ यावरून ‘नगण्य’ असा निष्कर्ष निघत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार १७७० साली अटलांटिक गुलामगिरीशी जोडलेल्या उलाढालीचा वाटा डच राष्ट्रीय उत्पन्नात ५.२ टक्के होता. एकट्या हॉलंड प्रांतात तो १० टक्क्यांच्या वर जातो. मळ्याचा नफा, जहाजाचं भाडं, विमा, शुद्धीकरण, घाऊक विक्री अशा सगळ्या पायऱ्या त्यात मोजल्या आहेत. पूर्वीचे हिशेब गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा नफा एवढीच पायरी मोजत आणि ‘धंदा तोट्याचा होता’ म्हणून फाइल बंद करत. काय मोजायचं हे ठरवणाऱ्याने उत्तरही तिथेच ठरवलेलं असतं.

याचं एक जवळून पाहण्यासारखं उदाहरण आहे. रेम्ब्रांटने १६३४ मध्ये रंगवलेली मार्टेन सोलमान्स आणि ओप्यन कॉपिट या दांपत्याची पुरुषभर उंचीची दोन चित्रं नेदरलँड्स आणि फ्रान्स यांनी मिळून २०१६ मध्ये १६ कोटी युरोंना विकत घेतली. काळं रेशीम, नाडीची लेस, बुटांवरचे भले मोठे रुमाली गोंडे. वर्षानुवर्षं ही चित्रं रेशमाचा काळा रंग कसा झळकतो हे दाखवायला वापरली गेली, आणि ते शिकवायलाच हवं. रायक्सम्युझियमच्या २०२१ च्या गुलामगिरीवरील प्रदर्शनात त्यांच्यासोबत दुसरी माहिती मांडली गेली: मार्टेनच्या वडिलांचा ॲमस्टरडॅममध्ये साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता, आणि कच्ची साखर येत होती ब्राझीलच्या गुलामांच्या मळ्यांतून. या माहितीने चित्र कमी सुंदर झालं का? मुळीच नाही. त्या पांढऱ्याशुभ्र लेसची किंमत कोणी चुकवली ते कळलं, आणि चित्राबद्दलचं आपलं ज्ञान वाढलं.

दुसरा आक्षेप काळाचा. त्या काळी सगळेच असं वागत, आजच्या मापाने कालच्या माणसाला मोजू नका. नियम म्हणून मला तो मान्य आहे. पण मग माप त्या काळचंच घ्यावं. १६२१ मध्ये यान पीटरझोन कूनने जायफळाच्या मक्तेदारीसाठी आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं जिंकली. अंदाजे १५ हजार वस्तीतली बहुसंख्य माणसं मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली किंवा गुलाम होऊन बटाव्हियाला (आजच्या जाकार्ताला) गेली. ४४ गावप्रमुखांची डोकी कंपनीच्या जपानी भाडोत्री सैनिकांनी उडवली. मग जायफळाच्या बागांचे ६८ तुकडे पाडून ते कंपनीच्या माणसांना दिले आणि राबायला इतर किनाऱ्यांवरून गुलाम आणले. हे तेव्हा सर्वमान्य होतं का? कूनच्या आधीचा गव्हर्नर-जनरल लॉरेन्स रेयाल असल्या धोरणाच्या विरोधात होता. म्हणजे आक्षेप घेणारे कंपनीच्या आतच होते, हरले, इतकंच.

आणि इथे आपला थेट संबंध येतो. कोरोमंडल किनाऱ्यावर दुष्काळ पडला की कंपनी माणसं विकत घेऊन सिलोन आणि बटाव्हियाला पाठवत असे. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला त्यात, पूर्वीच्या राजवटीत तुम्हाला इथे स्त्री-पुरुष गुलाम घेऊन जाता येत असे, आता माझ्या अमलात ते चालणार नाही, अशा अर्थाचं कलम आहे, आणि ते डच कागदपत्रांत नोंदलेलं आहे. याचा अर्थ भारतात दास्य नव्हतं असा कोणी काढू नये. दासी-बटकी आपल्याही समाजात होत्या, आणि पेशवाईच्या दप्तरात त्यांच्या खरेदी-विक्रीचे उल्लेख आहेत. पण ‘त्या काळी कोणालाच यात गैर वाटत नव्हतं’ हे विधान त्या एका कलमाने खोटं ठरतं. युरोपाच्या आतच पाहिलं तर ‘सगळे’ म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज आणि फ्रेंच. बाहेर पाहिलं की त्या ‘सगळ्यां’त न बसणारे लोक दिसू लागतात. हीच कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या बारगिरांनी बंगालमध्ये जे केलं ते बंगाली माणूस अजून विसरलेला नाही. डचांनी बांदा वाचावं असं आपण म्हणत असू, तर आपण बर्धमान वाचायला नकार देऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप असा, की ही सगळी भाषा अमेरिकेतून आयात झालेली आहे. डच समाजात वंशभेद नव्हता, तिथे होते ते कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी असे आपापले खांब, आणि प्रत्येक खांबाची शाळा, वर्तमानपत्र, दवाखाना वेगळा. यातला अर्धा भाग बरोबर आहे. अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या चौकटीत बटाव्हिया बसत नाही. १८५४ च्या ईस्ट इंडीजच्या राज्यकारभाराच्या कायद्यातलं १०९ वं कलम रहिवाशांना ‘युरोपीय’ आणि ‘देशी’ अशा दोन वर्गांत टाकत होतं. अरब आणि चिनी देशींच्या बरोबरीचे. जपानशी झालेल्या कराराचा परिणाम म्हणून १८९९ मध्ये जपानी माणूस कायद्याने युरोपीय ठरला. बापाने नाव लावलेलं मिश्र वंशाचं मूल युरोपीय, न लावलेलं देशी. कातडीचा रंग इथे पुरेसा नव्हता. करार, धर्म, बापाची सही हे सगळं मोजलं जाई. ही व्यवस्था समजायला अमेरिकन पुस्तकं कमी पडतात. पण यावरून ‘वंशभेद नव्हता’ असं ठरत नाही. तो इथल्या पद्धतीचा होता, म्हणून तो इथल्या कागदांतून शोधावा लागतो. सिंटरक्लास या डच मुलांच्या लाडक्या सणातला काळं तोंड रंगवलेला नोकर हे पात्र १८५० मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका शाळामास्तराच्या चित्रपुस्तकामुळे रूढ झालं, सुरीनाममधली गुलामगिरी संपण्याच्या तेरा वर्षं आधी. त्यात अमेरिकेचा हात कुठे आहे?

१९५१ मध्ये काय झालं ते पाहा. डच वसाहती सैन्यातले मोलुक्कन (इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांवरचे) शिपाई आणि त्यांची कुटुंबं, सुमारे साडेबारा हजार माणसं, जहाजांनी नेदरलँड्सला आणली गेली. मुक्काम तात्पुरता आहे असं सांगितलं होतं. पोचताच शिपायांना सैन्यातून कमी केलं गेलं. त्यांतल्या अनेकांना ठेवलं वेस्टरबॉर्कच्या छावणीत, जिथून काही वर्षांपूर्वी नाझींनी एक लाखाहून अधिक ज्यूंना मृत्यूकडे पाठवलं होतं. छावणीचं नाव तेवढं बदललं होतं. खांबांच्या त्या समाजात या माणसांसाठी खांब नव्हता. मोलुक्कन तरुणांनी केलेल्या १९७५ आणि १९७७ च्या रेल्वे-अपहरणांना आज ‘दहशतवाद’ या एका शब्दात गुंडाळणाऱ्याला हा सगळा मधला काळ माहीतच नसतो.

आणि आजचं काय? बालसंगोपन भत्त्याचं प्रकरण पाहा, कारण तिथे सहिष्णुतेची प्रतिमा आणि सरकारी कार्यपद्धती यांच्यातली फट अगदी स्पष्ट दिसते. पाळणाघराचा खर्च भागवायला पालकांना भत्ता आगाऊ मिळतो, अंदाजे उत्पन्नावर. वर्षअखेरीस हिशेब होतो. एखादी सही राहिली, स्वतःच्या हिश्शाचे काही युरो भरले गेले नाहीत, की कर-खातं वर्षभराचा पूर्ण भत्ता परत मागत असे. चूक जेवढी तेवढीच वसुली, असा हिशेब नव्हता. ‘हेतुपुरस्सर’ असा शेरा पडला की हप्त्याहप्त्याने फेडायची मुभाही मिळत नसे. कोणाच्या फाइली आधी तपासायच्या हे ठरवणाऱ्या संगणकीय पद्धतीत डच नागरिकत्व आहे की नाही हा एक निकष होता. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, घरं गेली, मुलं सरकारी ताब्यात गेली. १५ जानेवारी २०२१ ला मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. माहिती-संरक्षण प्राधिकरणाने त्याच वर्षी कर-खात्याला साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड केला. बांदापासून या कर-खात्यापर्यंत सरळ रेघ ओढणं मला पटत नाही; तसं करणारे लेखक विषयाचं नुकसान करतात. पण कागदावर कोण आपोआप संशयित ठरतो, हा प्रश्न वसाहतींचा अभ्यास करणारे आधीपासून विचारत होते. भत्त्याच्या खात्यात तो वेळेवर कोणी विचारला असता तर?

महाराष्ट्रात नेदरलँड्सचं नाव सर्वांत जास्त निघतं ते शेतीच्या व्यासपीठावर. एवढासा देश, आणि मूल्याने जगातल्या पहिल्या काही शेतमाल निर्यातदारांत! हरितगृहं, बियाणं, पाण्याची काटकसर, यांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण निर्यातीच्या त्या आकड्याचा सुमारे तिसरा हिस्सा पुनर्निर्यात आहे: दुसरीकडे पिकलं, रॉटरडॅममध्ये उतरलं, पुढे गेलं. नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर मोठ्या प्रमाणात याच बंदरात उतरतात, आणि त्यांतले बरेच नंतर जर्मनीसारख्या देशांच्या दुकानांत जातात. म्हणजे त्या थोर आकड्यात निफाड-दिंडोरीचाही घाम आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडून युरोपात माल अडकला तेव्हा नुकसान बागायतदाराच्या माथी आलं, बंदराच्या नव्हे. तिथलं पशुपालन बऱ्याच अंशी चालतं ते दक्षिण अमेरिकेच्या सोयाबीनवर. पेंड बाहेरून येते आणि शेण मात्र नेदरलँड्समध्येच साठतं. त्या नायट्रोजनचा भार इतका वाढला की मे २०१९ मध्ये राज्य परिषदेने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, सरकारची परवाना पद्धतच बेकायदा ठरवली, आणि मग निषेधासाठी शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर महामार्गांवर आले. आपल्याकडे अभ्यासदौऱ्यांच्या अहवालांत हरितगृहाचं तापमान असतं. सोयाबीनचं रान आणि नायट्रोजनचा निकाल नसतो. असा अर्धा नमुना उचलून आणला तर तो इथे का चालला नाही हेही कळणार नाही.

मग हा अभ्यास करायचा कसा? सर्वांत आधी दप्तरापाशी जाऊन. डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद हेग, जाकार्ता, कोलंबो, चेन्नई आणि केप टाउन इथे विखुरले आहेत. २००३ पासून ते युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदवहीत आहेत. हेगमधल्या कागदांपैकी लाखो पानांचं वाचन आता हस्ताक्षर ओळखणारी यंत्रणा करते, त्यामुळे घरबसल्या शोध घेता येतो. पण फसगतीही तितक्याच. वेंगुर्ला ‘विंगुर्ला’ असं सापडतं, व्यक्तिनामांची तर चार-चार रूपं. यंत्र सलग मजकूर बरा वाचतं, तक्ते आणि समासातल्या टिपा वाईट. आणि माणसांची खरेदी, मृत्यू, वजनं हे सगळं बहुतेक वेळा तक्त्यांतच असतं. म्हणून मूळ पानाचं छायाचित्र पाहिल्याशिवाय एकही आकडा उचलू नये. ‘बहार’ हे वजन बंदरागणिक बदलतं. सुरतेच्या इंग्रज वखारीची तारीख जुन्या पंचांगाची, डचांची नव्या, मध्ये दहा दिवसांचं अंतर. इंग्रज कागदांतली १६६४ ची ६ जानेवारी डच कागदांत १६ जानेवारी होते. आधी बटाव्हियाहून संचालकांना गेलेली सर्वसाधारण पत्रं वाचावीत, मग त्या-त्या वखारीची मूळ पत्रं, मग रोजनिशी. वर जाताना काय गाळलं गेलं ते या क्रमाने दिसतं. आणि शेवटी त्याच घटनेचा जावानी, मलय, फारसी किंवा मराठी कागद समोर ठेवावा, कारण कंपनीचा कारकून कंपनीला कळवायचं तेवढंच लिहीत होता.

हे करायला भाषा लागतात, आणि नेमक्या त्याच आज कापल्या जात आहेत. ॲमस्टरडॅमच्या फ्रिये विद्यापीठाने २०१९ मध्ये खुद्द डच भाषेचा पदवी अभ्यासक्रम बंद करायचं ठरवलं. युत्रेक्तने २०२४ मध्ये फ्रेंच, जर्मन, इटालियन, केल्टिक, इस्लाम-अरबी आणि धर्मअभ्यास या पदव्या थांबवण्याचं जाहीर केलं. अभिमानवाले आणि लाजवाले वर्तमानपत्रांत भांडत असताना दोघांनाही लागणारी साधनं मोडीत निघत आहेत, याची मला खरी चिंता वाटते.

आपल्यापुरतं बोलायचं तर काम उघड आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शंभर वर्षांपूर्वी डच कागद मिळवून शिवचरित्रासाठी वापरले. गोवळकोंड्यात तयार झालेला आणि ॲमस्टरडॅमचा महापौर व कंपनीचा संचालक निकोलास वित्सेन याच्याकडे असलेला चित्रसंग्रह रायक्सम्युझियममध्ये आहे. त्यात शिवाजी महाराजांचं चित्र आहे. वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष उभे आहेत. गोव्याच्या नाकेबंदीच्या काळात डच जहाजांना दाणापाणी पुरवण्यासाठी ती वखार होती, म्हणजे तिच्या पत्रांत कोकणातल्या भाताचे भाव, देसायांचे तंटे आणि विजापूरच्या हवालदारांची नावं आहेत. लायडन विद्यापीठाने २००० नंतरच्या दोन दशकांत इंडोनेशिया, श्रीलंका, भारत इथल्या विद्यार्थ्यांना बोलावून डच भाषा आणि जुनं हस्ताक्षर शिकवण्याचे उपक्रम चालवले, आणि केरळने त्याचा चांगला फायदा करून घेतला. महाराष्ट्रात मोडी शिकवणारे वर्ग गावोगाव चालतात. त्यांच्याच जोडीला एखाद्या विद्यापीठाने सतराव्या शतकातल्या डच लिपीचा दोन वर्षांचा वर्ग सुरू करावा, मोडी येणारे दहा विद्यार्थी त्यात घ्यावेत, आणि पहिला पाठ वेंगुर्ल्याच्या पत्रांचा ठेवावा.